गे आणि बायसेक्शुअल मुलांमधला आत्महत्येचा धोका : मूल्यमापनाच्या अर्जात नेमकं काय विचारावं?

समुपदेशन_कक्ष

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातल्या समुपदेशन कक्षासाठी आत्महत्येच्या धोक्याचा अर्ज नव्याने करायचा आहे. जुन्या अर्जात पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) आहे आणि तळाशी ‘लैंगिक कल’ असा एक रकाना. तिथे ‘समलैंगिक’ किंवा ‘उभयलिंगी’ अशी खूण आली की एकूण बेरजेत दोन गुण वाढतात. हे दोन गुण कोणी आणि कशावरून ठरवले, ते कोणालाच सांगता येत नाही.

गे आणि बाय मुलांमध्ये धोका जास्त असतो हे वाचलेलं आहे, पण तो नेमका कशाने वाढतो? मुलाखतीत कोणत्या शब्दांत विचारायचं? आणि सगळ्यात अडचणीचं म्हणजे, धोका दिसला तर घरी कळवायचं असा महाविद्यालयाचा नियम आहे, आणि घरी कळवलं की मुलाचं गुपित फुटतं. मुलं १७ ते २३ वयाची, बरीचशी शेतकरी घरांतली, निम्मीअधिक वसतिगृहात. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

पिंपळपान

ते दोन गुण आधी खोडा. समजा दोन गे मुलं समोर बसली आहेत. एकाच्या थोरल्या बहिणीला सगळं माहीत आहे आणि ती त्याच्या बाजूने आहे. दुसऱ्याच्या फोनमधले मेसेज काल रात्री रूममेटने वर्गाच्या ग्रुपवर टाकलेत. तुमचा अर्ज दोघांनाही दोनच गुण देणार. मग त्या रकान्याचा उपयोग काय?

या विषयातली पायाभूत मांडणी इलान मेयर यांची. १९९५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या गे पुरुषांवरच्या अभ्यासातून आणि पुढे २००३ च्या लेखात त्यांनी अल्पसंख्य असण्याचा ताण उलगडून दाखवला. काही ताण बाहेरून येतो : टिंगल, मारहाण, घराबाहेर काढणं, काम जाणं. काही आतला असतो : आपल्याला नाकारणारच असं धरून चालणं, सतत लपवत राहणं आणि लोकांचा तिरस्कार खरा मानून स्वतःचाच तिरस्कार करणं. आतल्या ताणाकडे जास्त लक्ष द्यायचं, कारण टिंगल करणारा वर्ग सोडून गेला तरी हा ताण मुलाच्या सोबतच राहतो. २००९ मध्ये मार्क हॅत्झेनब्युलर यांनी पुढची कडी जोडली. हा ताण कुठल्याही माणसात नैराश्य आणणाऱ्या सवयींनाच खतपाणी घालतो : तेच ते उगाळत बसणं, भावना न आवरणं, माणसं टाळणं, आशा सुटणं. म्हणजे उपचार करायला वेगळं मानसशास्त्र लागत नाही. ताण कुठून येतो हे मात्र नेमकं ठाऊक असावं लागतं.

आता आत्महत्येच्या विचाराबद्दल. थॉमस जॉइनर यांच्या २००५ च्या मांडणीत दोन भावना मध्यवर्ती आहेत : ‘मी कोणाचाच नाही’ आणि ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’. पहिली ओळखायला सोपी. दुसरी मराठी घरांत वेगळ्याच कपड्यांत येते. ‘माझं बाहेर कळलं तर ताईचं जमलेलं लग्न मोडेल.’ ‘बाबांना गावात मान वर करून चालता येणार नाही.’ ‘एकुलता एक, आणि तोही असा निघालो.’ ऐकणाऱ्याला हे आईवडिलांवरचं प्रेम वाटतं आणि तो पुढे जातो. खरं तर हेच ‘ओझं’ आहे. त्यात ‘मी नसलो तर ते सुटतील’ अशा अर्थाचं वाक्य आलं, तर पुढची भेट ठरवू नका. मूल्यमापन त्याच बैठकीत पूर्ण करा.

तिसरी भावना रॉरी ओ’कॉनर यांच्या मांडणीतली : हरलेपण आणि त्यातून येणारं अडकलेपण, सगळे दरवाजे बंद झाल्याची भावना. पंचविशीच्या आसपास स्थळं बघायला लागले की हे अगदी स्पष्ट दिसतं. नाही म्हणायला कारण सांगावं लागतं आणि कारण सांगता येत नाही. हो म्हणावं तर एका मुलीची फसवणूक होते. पत्रिका फिरते आहे, बघण्याचा कार्यक्रम ठरतो आहे, आणि प्रत्येक पायरीवर मागे फिरणं अवघड होत जातं. म्हणून अर्जात तारखा विचारा. ‘घरी लग्नाचं बोलणं चालू आहे का? कुठवर आलं?’ या प्रश्नातून लैंगिक कलाच्या रकान्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

त्या रकान्याच्या जागी मी असे प्रश्न ठेवेन : तुझ्याबद्दल कोणाकोणाला माहीत आहे? गेल्या महिनाभरात तुझ्या मनाविरुद्ध कोणाला कळलं का? घरी कळलं तर काय होईल असं तुला वाटतं? (इथे त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहा.) नाटक न करता बसता येईल अशी एक तरी जागा किंवा एक तरी माणूस आहे का? झोप किती? दारूचं प्रमाण हल्ली वाढलं का?

जाता जाता, अर्जातला ‘उभयलिंगी’ हा शब्द बदला. बरेच जण त्याचा अर्थ शरीरात दोन्ही लिंगांची लक्षणं असलेली व्यक्ती असा घेतात. ‘मुलगे आणि मुली दोघांबद्दलही आकर्षण वाटतं’ असं सरळ लिहा. आणि स्वतःला गे न म्हणवणारी पण मुलांशी संबंध असलेली मुलं कुठल्याच चौकटीवर खूण करत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आकडेमोड

पिंपळपान यांच्याशी सहमत आहे, एक दुरुस्ती सोडून. ती शेवटी सांगतो.

आधी ‘धोका जास्त’ म्हणजे किती ते बघू. मायकल किंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा : आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांचं प्रमाण गे आणि बायसेक्शुअल पुरुषांत इतर पुरुषांच्या ४.२८ पट. समलैंगिक आणि बायसेक्शुअल स्त्री-पुरुष सगळे एकत्र धरले तर २.४७ पट. पुरुषांच्या आकड्याची विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असू शकतो) २.३२ ते ७.८८ इतकी रुंद आहे, त्यामुळे ‘चौपट’ हा शब्द भाषणात ठोकून देऊ नये. अमेरिकेतल्या चार महानगरांमधल्या, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या २,८८१ पुरुषांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२ टक्क्यांनी कधीतरी प्रयत्न केला होता आणि त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रयत्न वयाच्या २५ वर्षांच्या आत झालेला होता. तुमच्या कक्षात येणारी मुलं नेमक्या याच वयाची आहेत. हाच आकडा उलटा वाचला तर ८८ टक्के पुरुषांनी कधीच प्रयत्न केला नव्हता. समोरच्या मुलाला सांगायचा आकडा हा दुसरा.

आपल्याकडचं म्हणाल तर मुंबईत समलैंगिकांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टमध्ये, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या १५० पुरुषांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये छापून आला. ४५ टक्क्यांच्या मनात त्या काळात आत्महत्येचे विचार होते, २९ टक्क्यांना नैराश्य होतं, २४ टक्क्यांना चिंतेचा विकार होता, आणि मानसिक आजारावर उपचार एकाचेही चालू नव्हते. ज्यांना माणसांचा आधार होता आणि स्वतःबद्दल बरं वाटत होतं त्यांच्यात धोका कमी दिसला. हे पुरुष एका संस्थेपर्यंत पोचलेले होते, त्यामुळे ४५ हा आकडा महाराष्ट्राची सरासरी म्हणून वापरू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात लैंगिक कलाची नोंदच नसते. असे मृत्यू ‘कौटुंबिक समस्या’, ‘प्रेमप्रकरण’ अशा रकान्यांत मिसळून जातात.

धोका भोवतालच्या परिस्थितीतून येतो याचा माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा डेन्मार्क-स्वीडनमधला. समलिंगी जोडप्यांची नोंदणी जगात पहिल्यांदा १९८९ मध्ये डेन्मार्कने सुरू केली. दोन्ही देशांच्या नोंदींवरचा २०२० चा अभ्यास सांगतो की अशा जोडप्यांमधला आत्महत्येचा दर १९८९-२००२ या काळाच्या तुलनेत २००३-२०१६ मध्ये ४६ टक्क्यांनी घटला. माणसांचा कल तोच राहिला, दर मात्र उतरला. तरी तो स्त्री-पुरुष जोडप्यांच्या पातळीवर आला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. कायदा बदलला म्हणून घर लगेच बदलत नाही.

आता दुरुस्ती. लपवणं म्हणजे सरसकट वाईट आणि सांगणं म्हणजे सुटका, असं समीकरण मांडू नका. जॉन पचांकिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातली आकडेवारी तपासली, तेव्हा लपवून राहणाऱ्या पुरुषांमध्ये नैराश्य उघडपणे राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. (स्त्रियांमध्ये उलट.) नुकतंच सांगितलेल्या पुरुषांमध्ये ते सगळ्यात जास्त होतं, बरीच वर्षं उघडपणे राहणाऱ्यांमध्ये त्यांच्यापेक्षा कमी. म्हणजे सांगितल्यानंतरचा सुरुवातीचा काळ नाजूक. ‘आता घरी सांगून टाक, मोकळा होशील’ हा सल्ला उत्साही समुपदेशक देतात आणि नंतरच्या तीन महिन्यांत मुलगा एकटा पडतो. सांगायचं की नाही, कोणाला आणि कधी, हे मुलानेच ठरवायचं. आपण त्याच्यासोबत बसून विचारायचं : वडिलांनी पैसे थांबवले तर फी कोण भरणार? त्या रात्री कुठे राहशील? उत्तरं नसतील तर थांबलेलं बरं.

कुटुंबाबद्दल आणखी एक. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये केटलिन रायन यांच्या गटाच्या २००९ च्या अभ्यासात, किशोरवयात घरच्यांकडून तीव्र नकार मिळालेल्या तरुणांमध्ये प्रयत्नांची शक्यता, नकार नसलेल्या किंवा थोडाच असलेल्यांच्या ८.४ पट होती. नकाराची मात्रा महत्त्वाची. आईवडिलांनी ‘मुलगा गे आहे’ हे आनंदाने स्वीकारावं हा पल्ला लांबचा आहे. टोमणे थांबले आणि मित्रांना भेटू दिलं, एवढ्यानेही फरक पडतो.

बायसेक्शुअल मुलांना घर म्हणतं ‘मुलगी आवडते ना, मग कर लग्न’, आणि गे मित्र म्हणतात ‘तू घाबरतोस म्हणून असं सांगतोस’. ‘मी कोणाचाच नाही’ हे तिथे अक्षरशः खरं असतं. त्यांना आपल्यासारखं कोणी भेटतच नाही.

डॉ_रातपाळी

पीएचक्यू-९ वर विसंबू नका. त्याचा नववा प्रश्न मरणाचे विचार आणि स्वतःला इजा एकाच वाक्यात विचारतो, शिवाय फक्त दोन आठवड्यांपुरता. त्यात ‘शून्य’ आलं म्हणून मुलाला जाऊ दिलं, ही चूक फार वेळा होते. आत्महत्येचा धोका तपासणाऱ्या कोलंबिया स्केलचे सहा प्रश्न वापरा, आणि कागद पुढे न सरकवता तोंडी विचारा :

‘झोपावं आणि परत उठूच नये, मरून जावं, असं गेल्या महिन्यात वाटलं का?’
‘स्वतःला संपवण्याचा विचार खरोखर आला का?’
दुसऱ्याला ‘हो’ आलं तरच पुढचे तीन : ‘कसं करायचं याचा विचार केला का?’ ‘तसं करायचा काही इरादा होता का?’ ‘तपशील ठरवायला घेतले का, आणि ते अमलात आणायचं मनात आहे का?’
सहावा सगळ्यांना : ‘कधी काही केलं का, करायला सुरुवात केली का, तयारी केली का? गेल्या तीन महिन्यांत?’

चौथ्याला किंवा पाचव्याला ‘हो’ असेल, किंवा तीन महिन्यांतलं कृत्य असेल, तर मुलाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. तिसऱ्याला ‘हो’ किंवा जुना प्रयत्न असेल, तर मध्यम धोका : सुरक्षा योजना त्याच बैठकीत आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा भेट. थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, याची खात्री बाळगा. उलट ‘तसलं काही नाही ना मनात?’ असं नकारात विचारलं की मुलगा तुमच्या समाधानासाठी ‘नाही’ म्हणतो.

सुरक्षा योजना म्हणजे स्टॅन्ली आणि ब्राउन यांची सहा पायऱ्यांची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या अभ्यासात ही योजना आणि नंतरचे फोन एवढ्यावर सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळलं. पहिला फोन ७२ तासांच्या आत करायचा होता. आपल्याकडे योजना भरून घेतात आणि फोन राहून जातो.

पायऱ्या अशा : धोक्याची स्वतःची खूण, स्वतःच करता येण्याजोगी गोष्ट, मन दुसरीकडे नेणारी माणसं-जागा, मदत मागता येईल अशी माणसं, तज्ज्ञ आणि हेल्पलाइन, आणि भोवताल सुरक्षित करणं. गे मुलांच्या बाबतीत ही योजना चौथ्या पायरीवर फसते. तिथे सवयीने ‘आई’, ‘काका’ लिहिलं जातं. रात्री दोन वाजता आईला फोन लावला तर ‘काय झालं?’ या प्रश्नाला तो काय सांगणार? म्हणून प्रत्येक नावापुढे दोन खुणा करा : याला कल माहीत आहे का, याला त्रास माहीत आहे का. ज्याला कल माहीत नाही त्याच्यासाठी आधीच एक वाक्य ठरवून ठेवा. ‘आज खूप बेचैन आहे, नुसतं बोलत राहा’ एवढं पुरतं. त्या मुलानेच हे वाक्य स्वतःच्या तोंडून दोनदा म्हणून बघावं. हेल्पलाइनच्या जागी टेलिमानसचा १४४१६ लिहा. तो चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२.

सहावी पायरी शेतकरी घरांत सगळ्यात महत्त्वाची. फवारणीची औषधं आणि घरात साठलेल्या गोळ्या कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या पाहिजेत. आत्महत्येची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो. सुट्टीत मुलगा गावी जाणार असेल तर त्याआधी हे झालेलं हवं.

आता घरी कळवण्याबद्दल. धोका सांगा, कारण सांगू नका. ‘तुमचा मुलगा सध्या खूप तणावात आहे, त्याला एकटं ठेवू नका, औषधं कुलपात ठेवा, शुक्रवारी दवाखान्यात आणा.’ कारण विचारलं तर ‘ते तो तयार झाला की सांगेल, आत्ता जीव महत्त्वाचा’. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचं आहे. जिवाचा धोका टाळण्यासाठीही गरजेपुरतीच माहिती उघड करता येते. मुलाच्या समोर बसून, त्याने मान्य केलेल्या शब्दांत फोन करणं सगळ्यात चांगलं. १८ पूर्ण असतील तर याच कायद्याचं कलम १४ वापरा : साध्या कागदावर लिहून, सही करून तो आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयात साथ देणारी व्यक्ती) ठरवू शकतो, आणि तो घरचाच असावा असं बंधन नाही. सज्ञान, समजदार मित्र किंवा मावशी चालते, त्यांची लेखी संमती हवी.

समुपदेशन_कक्ष

मनापासून आभार. दोन शंका उरल्या. १७ वर्षांच्या मुलाचं काय? आणि काही मुलं स्वतःच म्हणतात, ‘मला बदला, औषध द्या.’ त्यांना काय सांगायचं?

डॉ_रातपाळी

१८ च्या आतल्यांना उपचारासाठी पालकांची संमती लागते. धोका सांगा, कारण नको, हे तिथेही लागू. मात्र मुलाने लैंगिक संबंध किंवा अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा. त्याने सगळं बोलून झाल्यावर सांगितलीत तर विश्वास गेलाच म्हणून समजा.

‘मला बदला’ हे वाक्य धोक्याच्या यादीत धरा. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘असा मी जगू शकत नाही’ असा असतो. कल बदलणारं औषध नाही. भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ मध्ये समलैंगिकता आजार नसल्याचं स्पष्ट केलं, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘बदलाचे’ उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण हे तपशील पहिल्याच वाक्यात फेकू नका. आधी विचारा, ‘बदललं तर काय काय सोपं होईल?’ उत्तरात लग्न, आई, गाव, देव, सगळं येतं, आणि खरं काम तिथून सुरू होतं. ज्याच्याकडे पाठवणार त्या डॉक्टरला आधी फोन करून मत विचारून घ्या. बदलाचा उपचार भोगलेला मुलगा ‘माझ्यावर इलाजसुद्धा चालत नाही’ असं मनाशी धरून परततो, आणि हरलेपण दुप्पट होतं.

खिडकी_क्र_३

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली, आणि प्रत्यक्षात सगळ्यात घाईची तीच असते : ब्लॅकमेल. ॲपवर ओळख, व्हिडिओ कॉल किंवा भेट, मग ‘पैसे टाक नाहीतर बापाला पाठवतो’. शांत, हसरा मुलगा एका संध्याकाळीत टोकाला जातो तो यामुळे. नैराश्याची प्रश्नावली इथे काहीच पकडत नाही, कारण कालपर्यंत नैराश्य नव्हतंच. अर्जात वेगळा प्रश्न हवा : ‘तुझे फोटो किंवा मेसेज दाखवून कोणी धमकावतंय का?’

‘हो’ आलं तर क्रम असा. मुलाला एकटं सोडू नका. आणखी पैसे देऊ नका, कारण पहिला हप्ता दिला की मागणी वाढते. चॅट पुसू नका. घाबरून मुलं सगळ्यात आधी तेच करतात आणि पुरावा जातो. नंबर, प्रोफाइल, यूपीआय आयडी, तारखा यांचे स्क्रीनशॉट घेऊन ते दुसऱ्या फोनवर ठेवा, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितका लवकर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे.

‘पोलिसात गेलो तर मलाच आत टाकतील’ ही भीती सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर निराधार आहे. दोन सज्ञानांचा संमतीचा संबंध त्या निकालापासून गुन्हा नाही. बऱ्याच मुलांना समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं हे माहीत असतं, पण ते आपल्या तालुक्यातही लागू आहे यावर विश्वास बसत नाही. म्हणून तक्रारीला सोबत जा, आणि अर्जात कल लिहायची गरज नाही हे त्याला आधी सांगा. ‘खासगी फोटो दाखवून पैशांची मागणी’ एवढं पुरेसं आहे. तसंच, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात पोलिसांची नोंद झाली म्हणून खटला भरतील असं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे ती व्यक्ती तीव्र तणावात होती असंच गृहीत धरतात.

आणि वसतिगृहातल्या मुलाची सुरक्षा योजना कागदावर देऊ नका. कपाटं उघडी असतात. फोनमध्ये ‘परीक्षेचं वेळापत्रक’ अशा नावाने, कुलूप लावलेल्या नोंदीत ठेवा.